चेन पडायची थांबली, दोष एल स्क्रूचा नव्हताच

मंडळी, सापडलं! तीन आठवडे सायकलच्या चेननं डोक्याला लावलेला घोर काल कोल्हापूरच्या उद्यमनगरात सुटला, म्हणून आज सकाळी पन्हाळ्याला जाऊन खात्री करून आलो आणि लगेच लिहायला बसलोय.

मागच्या वेळी सांगितलं तेच दुखणं होतं. पुढच्या ५० दातांच्या मोठ्या रिंगवरून ३४ च्या लहान रिंगवर उतरताना चेन आतल्या अंगाला पडायची. पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळ सोडून चढ लागला, शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) दाबला की खट्ट, आणि पाय मोकळे फिरायला लागायचे. बीबीजवळ (बॉटम ब्रॅकेट, पेडलचा आस फिरतो ती जागा) फ्रेमचा रंग दोन ठिकाणी खरवडून निघालाय, ते बघून जीव तुटतो.

चेन एका रिंगवरून दुसरीवर ढकलणारा पुढचा डिरेलर आत किती यावा, ते एल स्क्रू ठरवतो. त्याच्यावर संशय घेऊन मी किती संध्याकाळी घालवल्या! पाव फेरी आवळला की चेन मोठ्या रिंगवरून खालीच येईना, पाव फेरी सोडला की थेट बीबीवर. पुढं ३४, मागं २८ दातांचं सगळ्यात मोठं चाक ठेवून केजची (डिरेलरच्या ज्या दोन पट्ट्यांमधून चेन जाते तिची) आतली पट्टी आणि चेन यांच्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आत फट ठेवायची, हे शिमानोच्या पुस्तिकेतलं माप अगदी तंतोतंत जमवलं. स्टँडवर चाळीस वेळा गिअर टाकले, एकदाही पडली नाही. दुसऱ्या दिवशी केर्लीपर्यंत बरी चालली, पुढं घाटात दोनदा पडली.

चेन झिजली असेल म्हणून स्टीलच्या पट्टीनं मोजली. नव्या चेनचे २४ जोड ३०४.८ मिलिमीटर भरतात, माझी ३०५.५ च्या आसपास, म्हणजे पाव टक्क्याच्या आतच. बीबीला खेळ नाही, चेनरिंगचे बोल्ट घट्ट, हँगर (मागचा डिरेलर जिथं बसतो तो तुकडा) सरळ.

मग एक गोष्ट खटकली. स्टँडवर पडत नाही आणि घाटातच पडते, म्हणजे रस्त्यात काहीतरी हलतंय. डिरेलर फ्रेमच्या नळीला आवळून धरणाऱ्या क्लॅम्पवरून फ्रेमवर येईल अशी पांढऱ्या मार्करची एक उभी रेघ मारली आणि वाघबीळपर्यंत जाऊन आलो. परत आल्यावर मोबाईलचा टॉर्च मारून बघतो तर रेघ तुटलेली! क्लॅम्पवरचा तुकडा फ्रेमवरच्या तुकड्यापासून चांगला दीड मिलिमीटर सरकलेला.

कारण आठवलं असेल तुम्हाला. हा डिरेलर ऑनलाइन मागवला तेव्हा ३१.८ मिलिमीटरचा सांगूनही ३४.९ चा क्लॅम्प आला होता आणि परत पाठवायचा कंटाळा करून मी सोबतचं प्लास्टिकचं पॅकिंग घालून बसवला होता. मोठ्या रिंगवर चढवताना केबलचा जोर क्लॅम्पवर येतो, दर वेळी तो केसभर फिरतो आणि केजचं नाक आत वळतं. मग उतरताना बाहेरची पट्टी चेनला ३४ च्याही पलीकडं ढकलते. संध्याकाळी बरोबर बसवलेला एल स्क्रू सकाळच्या घाटात चुकीचा ठरायचा तो यामुळं. माझं ठाम मत झालंय, मापाचा क्लॅम्प आला नाही तर डोळे झाकून परत पाठवा.

उद्यमनगरात एका लेथवाल्या मामांना पॅकिंग दाखवलं. त्यांनी ते नखानं दाबून बघितलं आणि म्हणाले, "हे कुठं दाब सोसतंय व्हय? ॲल्युमिनियमचं करून देतो." व्हर्नियर लावून सीट ट्यूब (क्लॅम्प बसतो ती फ्रेमची नळी) दोन ठिकाणी मोजली आणि बुश, म्हणजे पॅकिंगचं कडं, करून दिला: आत ३१.८, बाहेर ३४.९, म्हणजे भिंत फक्त १.५५ मिलिमीटरची, आणि एका अंगाला चीर. चीर मारल्यावर काठावर राहिलेली बारीक धार त्यांनी न सांगता कानशीनं मोडून दिली. दीडशे रुपये घेतले. असली कामं करून घ्यायला कोल्हापुरासारखं गाव नाही.

बुश घालून सगळं पहिल्यापासून लावलं. केज मोठ्या रिंगच्या दातांपासून दोन मिलिमीटर वर, बाहेरची पट्टी रिंगला समांतर, क्लॅम्पचा बोल्ट ६ न्यूटन मीटरला. आज घाटात मुद्दाम वीस वेळा ५०-३४ केलं, त्यातले पाच तर पायावर जोर असताना. एकदाही पडली नाही! घरी येऊन पहिल्यांदा रेघ बघितली. अखंड.

चेन आत पडू न देणारा चेन कॅचर घ्यायचं ठरवलं होतं, ते आता रद्द. पण लिहिता लिहिता दुसरंच सुचतंय. ३४ च्या जागी ३६ ची रिंग घातली तर पुढचा फरक १६ वरून १४ दातांवर येतो, चेनची उडी लहान होते. मागं ११-३२ कॅसेट (११ ते ३२ दातांच्या चाकांचा संच) घेतली तर ३६/३२ म्हणजे १.१३, आत्ताच्या ३४/२८ च्या १.२१ पेक्षाही हलका गिअर. घाटाला उलट सोपंच. फक्त मागच्या डिरेलरला ३३ ऐवजी ३५ दातांइतका चेनचा ढिलेपणा सांभाळावा लागेल आणि माझ्या त्या डिरेलरचा पिंजरा (चेन ताणून धरणारा खालचा भाग) आखूड आहे. कुणी आखूड पिंजऱ्यावर ११-३२ चालवली असेल तर सांगा, तोवर मी कॅसेट मागवत नाही. रविवारी गगनबावडा करतोय, मार्करची रेघ तशीच ठेवून.