दोन महादेव, दोन समुद्र

बडोद्याच्या माणसाचा समुद्र म्हणजे कावी-कंबोई. पादरा, जंबुसर करत सकाळी निघालं की दोन-अडीच तासांत स्तंभेश्वर महादेवाचं मंदिर. भरतीला पिंड पाण्याखाली जाते, पण लाट अशी नसतेच. खंभातचं आखात उथळ आणि निमुळतं. बाहेरून आलेली लाट तळाला घासत वाटेतच मरते, भरतीचं पाणी मात्र कोंडून चढत जातं. माझ्या मुलांनी समुद्र म्हणून हाच पाहिला होता.

त्याच भरवशावर मे अखेरीस रात्रीच्या बसने दीवला गेलो. फुदमच्या गंगेश्वराला पोचलो तर तिथल्या पाच पिंडींवर लाट आदळत होती. दोन्हीकडे देवाला समुद्राचाच अभिषेक, पण इथे पाण्याला धक्का होता.

दीवच्याच नागोआ किनाऱ्यावर पाणी संथ दिसलं म्हणून मुलगा कमरेएवढ्या पाण्यात गेला. काही मिनिटांनी एकामागून एक पाच-सहा मोठ्या लाटा आल्या. दुसरीनेच त्याला पाडलं, तिसरीच्या आत मी त्याला ओढून काढलं. काठावरचे मच्छीमार काका म्हणाले, "आजे दरियो भारे छे, भाई." अंगावर काटा आला तो नंतर.

मग घड्याळ लावून बसलो. दोन लाटांमध्ये चौदा सेकंद! जवळच्या वाऱ्याची लाट पाच-सहा सेकंदांनी येते. एवढं अंतर राखून येणारी लाट लांबची, पार दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांची असू शकते. अशा लाटा घोळक्याने येतात, म्हणूनच मधली शांतता फसवते.

म्हणून पाण्यात उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघा. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा आणि लाटा थेट या किनाऱ्यावर येतात, तेव्हा पाण्यात जाऊच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वारा बहुधा जमिनीकडून असतो, पोरांना न्यायचं तर तेव्हा. दीवच्या जालंधर किनाऱ्यावर खडक आहेत, तिथे लाट फक्त बघायची. 'इन्कॉइस' या सरकारी सागरी माहिती केंद्राचे उंच लाटांचे इशारे निघण्याआधी जरूर पाहा.

कावीला भीती लाटेची नाही, गाळाची आणि वेगाने चढणाऱ्या पाण्याची. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा कालची वेळ आज धरू नका. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. तिथीवरून भरतीची वेळ काढायचं कोकणातलं गणित इथे चालत नाही, कारण आखाताच्या टोकाला पाणी उशिरा पोचतं. वेळ मंदिरातच विचारा आणि ओहोटीत गाळावर लांब जाऊ नका.

आम्ही डिसेंबरात पुन्हा नागोआला जातोय. मुलाने घड्याळ आत्ताच मागून ठेवलंय.