वही भरली, डोकं रिकामं होईना

समुपदेशनाला येणारी माणसं काळज्या तोंडी सांगतात. हिशेब खात्यातल्या या गृहस्थांनी मात्र वहीच टेबलावर ठेवली. ‘लिहिलं की मन हलकं होतं म्हणतात. वही भरत आली, पण रात्री तीनला जाग येतेच.’

अक्षर रेखीव, तारखा जागच्या जागी. मजकूर मात्र असा : ‘ऑडिटचं काय होणार’, ‘आईचे रिपोर्ट’, ‘काहीतरी राहिलंय’. शेवटची ओळ तर जवळजवळ प्रत्येक पानावर. काय राहिलंय म्हणून विचारलं, तर सांगता येईना.

गोम तिथेच होती. मोघम काळजी कागदावर उतरली तरी मोघमच राहते. तिचं काय करायचं हे ठरत नाही, म्हणून डोकं ती सोडत नाही. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या झोपेच्या प्रयोगशाळेत ५७ तरुणांवर एक प्रयोग झाला होता. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी झोपण्याआधी ५ मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिली, बाकीच्यांनी उरकलेल्या कामांची. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सुमारे ९ मिनिटं लवकर झोप लागली. त्यातही यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर.

आधी चिंतेचं प्रमाण मोजणारी सात प्रश्नांची जीएडी-७ प्रश्नावली भरून घेतली. ती गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते आणि गुण २१ पैकी असतात. १० किंवा अधिक आले की पुढची तपासणी करून घ्यायला हवी. यांचे ८ होते, म्हणून वहीवरच काम करायचं ठरवलं.

पानाचे दोन रकाने केले. क्रियापद आणि वेळ देता आली तरच ओळ पहिल्यात. ‘ऑडिटचं काय होणार’ फोडल्यावर निघालं एवढंच : दोन पुरवठादारांची बिलं नोंदींशी जुळत नाहीत. तिथे लिहिलं, ‘उद्या अकराला फोन करून खातेउतारा मागवणे.’ आईच्या रिपोर्टचे दोन तुकडे झाले. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न हे काम, ते पहिल्या रकान्यात. ‘वाईट निघालं तर?’ यावर रिपोर्ट हाती येईपर्यंत करण्यासारखं काहीच नाही, म्हणून ते दुसऱ्यात. ‘काहीतरी राहिलंय’ही तिथेच गेलं.

दुसऱ्या रकान्यासाठी रोज संध्याकाळी साडेसहाची वेळ नेमली; त्या काळज्या करायच्या त्या तेव्हाच. ही पद्धत मानसशास्त्रज्ञ टॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडली : रोज ३० मिनिटं, ठरलेली वेळ, ठरलेली जागा. जागा पलंग नको, नाहीतर अंथरुणाला पाठ टेकली की काळजी सुरू होते. दिवसा विचार आला की तीन-चार शब्द टिपायचे आणि हातातल्या कामाकडे वळायचं. बहुतेकांचं फसतं ते इथे : टिपता टिपता मनात खल सुरू होतो.

‘म्हणजे विचार दाबायचे?’ त्यांनी विचारलं. तसं नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर अस्वल डोकावतच राहिलं. इथे विचाराला हाकलायचं नाही, फक्त पुढची तारीख द्यायची.

एक गोष्ट वहीत नव्हतीच. ‘सगळं ठीक होईल ना?’ हा प्रश्न ते बायकोला दिवसभर विचारत, आणि बिचारी प्रत्येक वेळी ‘होईल हो’ म्हणे. त्या उत्तराने घटकाभर बरं वाटतं, म्हणूनच प्रश्न परत येतो. पुढच्या भेटीला दोघं आले. धीर द्यायचा नाही, फक्त ‘साडेसहाला बोलू’ म्हणायचं, असं बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अहो, पण हे निष्ठुरपणाचं वाटतं!’ सुरुवातीला वाटतंच. नवराही आठवडाभर धुसफुसत होता, पण बाईंनी पथ्य पाळलं.

पुढे साडेसहाला वही उघडली की निम्म्या ओळी त्यांना शिळ्या वाटू लागल्या. जाग अधूनमधून येई, पण पुन्हा डोळा लागे. आता ही वेळ बंद करू का, असं त्यांनी विचारलं. ती १५ मिनिटांवर आणायला सांगितली, आणि लिहायला काही नसलं तरी तेवढा वेळ बसायचं.