दाराबाहेरची वीस मिनिटं

अध्यक्षबाईंनी यादीवरून नजर उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि दाराकडे मान हलवली. एवढंच. मी लॅपटॉप मिटला, कॉफीचा कप उचलला आणि बाहेर आले. मागे दार लागलं. आत पुण्याच्या एका प्रस्तावावर चर्चा सुरू होत होती आणि त्या खोलीत पुण्याची मी एकटीच होते.

ही गोष्ट फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गची. जीवशास्त्रातल्या संशोधनाला पैसे देणाऱ्या ह्युमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमच्या, आमच्या तोंडी असलेल्या एचएफएसपीच्या, रिव्ह्यू कमिटीवर मी होते. देशोदेशीची आम्ही दोनेक डझन माणसं हिवाळ्यात तिथे जमायचो आणि दिवसभर बंद खोलीत प्रपोजलांचा कीस पाडायचो. इथे ग्रँट एकट्याला मिळत नाही. वेगवेगळ्या देशांतल्या, शक्यतो वेगवेगळ्या खंडांतल्या प्रयोगशाळांनी एकत्र यायचं आणि एकीच्याही आवाक्यात नसलेला जीवशास्त्रातला प्रश्न घ्यायचा. आधी छोटं पत्र पाठवायचं. शेकडो पत्रं येतात, त्यातल्या थोड्यांनाच पूर्ण प्रस्ताव मागवतात, आणि शेवटी साधारण शंभरातल्या चार-पाच जणांच्या पदरात तीन वर्षांचे पैसे पडतात.

माझ्याच मजल्यावरचा एक सहकारी त्या शेवटच्या टप्प्यात पोचला होता. त्याने मला सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात कधीतरी तो माझ्याबरोबर अमृततुल्यला यायचा बंद झाला, त्यावरून मी काय ते ओळखलं. माझ्या लॉगिनमधून त्याचा प्रस्ताव उघडतही नव्हता.

फोन आला तो भलत्याचाच. निघायच्या आदल्या रात्री, बॅग भरताना. आमच्या क्षेत्रातले एक ज्येष्ठ. नाव कशाला सांगू, निम्म्या लोकांना नोकऱ्या त्यांच्या शब्दाने लागल्यात.

"अगं, तिथे बसणारच आहेस तर आपल्या पोराचं बघ जरा."

"सर, त्याची चर्चा होते तेव्हा मला खोलीत थांबताच येत नाही."

"ते कागदावर गं. जेवताना चार शब्द टाकायला काय जातं? आणि आपण काय फुकट मागतोय? वर्गणी भरतो आपण त्यांना."

मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. पण हे वर्गणीचं विमानात डोक्यातून जाईना, कारण त्यात खोटं काही नव्हतं. भारत या संस्थेचा सदस्य आहे आणि दिल्लीच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडून वर्गणी जाते. मग गणपतीला वर्गणी देणाऱ्याने प्रसाद मागितला तर चुकलं कुठे?

बाहेर खिडकीपाशी आमच्या कमिटीतले एक जपानी गृहस्थ उभे होते. तेही त्याच प्रस्तावासाठी बाहेर. टीममधल्या जर्मन बाईंबरोबर त्यांचा एक पेपर होता, तेवढं पुरे झालं. खाली नदी, समोर पाण्याला चिकटून उभी घरं. दोघांनाही बोलायला विषय नव्हता. ज्यावर बोलावंसं वाटत होतं त्यावर बोलायला बंदी होती. शेवटी मी वर्गणीचं काढलं, फोनचं न सांगता.

ते हसले. म्हणाले, "सर्वांत मोठी वर्गणी आमची आहे. सुरुवातीपासून."

ते खरंच आहे. ही कल्पनाच मुळात जपानची. 1987 मध्ये जी-7 देशांच्या व्हेनिसच्या शिखर परिषदेत पंतप्रधान नाकासोने यांनी ती मांडली. तेव्हा जपानवर आरोप व्हायचा की मूलभूत संशोधन पाश्चात्त्यांनी करायचं आणि यांनी त्याच्या मोटारी आणि टीव्ही करून विकायचे. 1989 मध्ये संस्था उभी राहिली, पण तोक्योत नाही, स्ट्रासबर्गमध्ये. पहिले महासचिवही जपानी नव्हते. ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद चालवलेले सर जेम्स गोवन्स होते. मला गंमत वाटते ती नोंदणीची. एवढे देश सदस्य, पण कायद्याने ती साधी संस्थाच. आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडे मंडळ नोंदवतात त्याच जातीची. तीही आल्सासच्या, म्हणजे स्ट्रासबर्ग ज्या प्रांतात आहे त्याच्या, स्थानिक कायद्याखाली, जो जर्मन अमलातून मागे राहिलाय आणि फ्रान्सने तसाच ठेवलाय.

"आणि परत किती मिळतं?" मी विचारलं.

"भरतो त्या मानाने कमीच. विचारणारे घरी असतातच. देशवार कोटा नाही म्हणून सांगायचं. पुन्हा विचारतात, पुन्हा सांगायचं."

एचएफएसपीची रचनाच या एका 'नाही'भोवती बांधलेली आहे. सदस्य देशांचे प्रतिनिधी विश्वस्त मंडळात बसतात. पैसा, धोरण आणि शेवटची मोहोर त्यांची. विज्ञानाची दिशा बघायला वैज्ञानिकांची परिषद वेगळी. आणि प्रस्तावांना क्रम लावायला आम्ही, जे कुठल्या सरकारच्या वतीने बसलेले नसतो. पैसे देणारा हात गुण देत नाही. लिहायला सोपं आहे. आदल्या रात्रीच्या फोननंतर ते किती अवघड असतं हे मला नीट कळत होतं.

आत बसणारे आम्ही काही संत नव्हतो. त्याच सकाळी मी एका प्रस्तावाला खाली ढकललं होतं. एकपेशीय जीवाला दाब कसा जाणवतो हे मोजायला एक भौतिकवाला आणि एक पेशीवाली निघाले होते. पद्धत नवीकोरी, हाती एकही निकाल नाही. मी तेच बोलले: प्राथमिक निकाल कुठे आहेत? अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, "ते असते तर हे लोक आपल्याकडे कशाला आले असते?" नियमातच आहे, प्राथमिक निकाल मागायचे नाहीत. मी तो वाचला होता, सहीसुद्धा केली होती. पण वीस वर्षं दुसरीकडच्या कमिट्यांवर बसून लागलेली खोड. कान गरम झाले. प्रस्ताव पुन्हा वर सरकला.

दार उघडलं. वीस मिनिटं झाली होती. आम्ही आत जाऊन जागेवर बसलो; कोणी आमच्याकडे पाहिलं नाही, पडद्यावर पुढचा प्रस्ताव होता. संध्याकाळी जेवायला तेच सगळे एका लांब टेबलाशी. उजवीकडे बसलेल्या बाईंनी तो प्रस्ताव वाचलेला असणार, असं मला वाटत होतं. "चार शब्द टाकायला काय जातं." मी त्यांना कांद्याच्या टार्टबद्दल विचारलं.

मार्चअखेर निकाल लागले. दुसऱ्या दिवशी सहकारी माझ्या दारात उभा. "चहा?"

अमृततुल्यच्या बाकड्यावर बसून त्याने दोन चहा सांगितले. कितीतरी महिन्यांनी.

"नाही झालं," तो म्हणाला.

मी क्रीमरोल मोडून अर्धा त्याच्यापुढे केला.

"आत काय म्हणाले गं माझ्याबद्दल?"

"मी बाहेर होते," मी म्हटलं. "नदी बघत."