खुंटीचे फोटो

फोटो काढून ठेवावा असं खुंटीत काय असतं? अप्पाकाकांच्या भूजच्या अल्बममध्ये मात्र निम्म्याहून जास्त फोटो खुंट्यांचेच आहेत. काका सर्व्हेअर, जमीन मोजून हद्दीच्या खुंट्या ठोकणारे. 26 जानेवारी 2001 ला सकाळी 8 वाजून 46 मिनिटांनी कच्छ भूकंपाने हादरलं तेव्हा इकडे बडोद्यात, आमच्या दांडिया बाजारातही पंखे झुलले, माणसं जिने उतरून रस्त्यावर आली. पुढे भूजमध्ये मोजणीची कामं निघाली आणि काका टेप, थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) आणि रोलचा कॅमेरा घेऊन तिकडे गेले.

ढिगाऱ्यांचे फोटो त्यात थोडेच. ते पेपरवाल्यांनी छापलेत की, असं काकांचं म्हणणं. बाकी मग चुन्याच्या रेघा, उघडं गटार, त्याच गटारावर झाकण, झाकणावर ऐसपैस पसरलेलं कुत्रं (हा मला मनापासून आवडतो). काकू वैतागतात, "एवढे रोल संपवलेत, एका माणसाचा धड फोटो नाही!"

अल्बम कंटाळवाणा आहेच. पण शहर पडायला दोन मिनिटं पुरतात आणि पडलेलं लगेच नजरेत भरतं. उभं राहतं ते असंच, गटाराच्या झाकणाझाकणाने. ते बघायला कोण थांबतं?

एक पान सांगते. जुन्या शहराच्या कोटाच्या, म्हणजे तटबंदीच्या, आतली गल्ली, एकाच कोपऱ्यावरून पुन्हा पुन्हा टिपलेली. खाली कॅमेऱ्याने छापलेली नारिंगी तारीख. पहिल्या फोटोत अर्धी भिंत उरलीय, आतून निळी, कोनाड्यात स्टीलचा डबा जागच्या जागी. पुढच्यात भिंत नाही. लाल टोकाची खुंटी आहे. मग खुंटीशेजारी चर, चरात पाइप. शेवटी नवं घर, पण खुंटीच्या मागे सरकलेलं. डब्याच्या जागी आता रस्त्याची कड.

भांडणं व्हायची ती या खुंटीवरून. जुन्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या, की घरं कोसळली ती रस्त्यावरच, आणि मदत आत पोचेना. (रावपुऱ्यात माझ्या माहेरच्या गल्लीत रिक्षा आजही उलटी घालावी लागते, तेव्हा भूजला नावं ठेवायला नकोत.) म्हणून कोटाच्या आत टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीमा, म्हणजे नगररचनेच्या योजना, आखल्या आणि रुंद रस्त्यांसाठी लोकांच्या प्लॉटमधून तुकडे घेतले. 30 चौरस मीटरपर्यंतच्या जागेला कात्री नाही, 500 च्या वर गेलात तर 35 टक्के. कागदावर हिशोब चोख. पण ज्याचा ओटा रस्त्यात गेला त्याला टक्केवारी काय सांगणार? काका सांगतात, लोक खुंटी ठोकू द्यायचे, वर चहा पाजायचे, आणि सकाळी बघावं तर खुंटी वीतभर सरकलेली. पुन्हा मोजणी, पुन्हा चहा. कुणी सरकवली हे काकांनी कधी विचारलं नाही. मला वाटतं, बरंच केलं.

बरेच जण कोटाबाहेरच्या नव्या वसाहतींत गेले. त्यातल्या एकीचं नाव आरटीओ रिलोकेशन साइट. मुलं तिथेच वाढून कमावती झाली तरी पत्ता अजून सरकारी फायलीतलाच.

2022 मध्ये भुजिया डोंगरावर स्मृतिवन झालं. काकांना घेऊन गेलो होतो. गेलेल्यांच्या नावांच्या पाट्यांपाशी ते बराच वेळ उभे राहिले, संग्रहालय सगळं नीट पाहिलं, आणि बाहेर येऊन म्हणाले, "उत्तम केलंय. पण ड्रेनेज कुठे दाखवलंय?"

अल्बममध्ये गर्दीचा फोटो एकच, हमीरसर तलाव भरला त्या दिवशीचा. तलाव ओसंडला की भूजमध्ये सुट्टी जाहीर होते, वाजतगाजत तलाव वधावतात, म्हणजे त्याचं पूजा करून स्वागत करतात, मेघलाडूंचं जेवण होतं. काकांनी मोजणी बंद ठेवून अख्खा रोल तिथे उडवला आणि बाकीचे फोटो अल्बमात बसत नाहीत म्हणून बाजूला टाकले. ते काकूंनी उचलून माझ्या लग्नाच्या अल्बमच्या मागच्या पानांत लावलेत. ही हसरी मंडळी कुठली, असं कुणी विचारलं तर त्या बेधडक सांगतात, "वरपक्षाकडची."