आमची वाटचाल : नोंदवहीतलं लाल पान

2005 च्या गुढीपाडव्याला बार्शीत, घराच्या पुढच्या खोलीत, मी दवाखाना सुरू केला. त्या खोलीत आधी सासऱ्यांचं बियाण्यांचं दुकान होतं. औरंगाबादच्या शासकीय दंत महाविद्यालयातून शिकून आले होते, हातात काम होतं आणि डोक्यावर बँकेचं कर्ज. एक खुर्ची, दोन हँडपीस (दात कोरायची हातातली यंत्रं), हत्यारांचे चार संच आणि वाफेच्या दाबानं हत्यारं निर्जंतुक करणारा, कुकरसारखा उभा ऑटोक्लेव्ह, एवढ्यावर सुरुवात झाली. नुसत्या उकळत्या पाण्यात काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची चिवट सुप्त रूपं, मरत नाहीत, त्यामुळे हत्यारं उकळून वापरायची नाहीत एवढं तेव्हाच ठरवलं होतं.

ऑटोक्लेव्हचं गणित सरळ आहे. 15 पौंड दाब, 121 अंश सेल्सिअस, वीस मिनिटं. पण ही वीस मिनिटं मोजायची ती दाब पूर्ण चढल्यावर. ते भारनियमनाचे दिवस होते. काटा चढत आला की लाईट जायची, आणि मधेच थांबलेली फेरी अर्धी झाली असं धरता येत नाही, ती पहिल्यापासून पुन्हा करावी लागते. बाहेर वैराग, पांगरीकडचे पेशंट संध्याकाळच्या एसटीकडे डोळे लावून बसलेले. अशा वेळी मनात येतंच, की एवढ्यानं काय होणार, काढावीत हत्यारं. त्यावर मी एकच उपाय केला. पहिल्या वर्षी जे पैसे सुटले त्यातून नवं सोफासेट न घेता हत्यारांचे संच वाढवले. चाराचे बारा झाले. नव्यानं दवाखाना टाकणाऱ्या मुलामुलींना मी आजही हेच सांगते, की घाई यंत्रानं कमी होत नाही, कपाटात तयार पडलेल्या संचांनी होते.

हँडपीसच्या बाबतीत मात्र माझी चूक झाली आणि ती मला सांगितलीच पाहिजे. सुरुवातीची काही वर्षं आम्ही दोन पेशंटच्या मधे हँडपीस स्पिरिटनं पुसायचो. बाहेरून तो लखलखीत दिसतो. पण आतलं फिरतं टर्बाइन (हवेवर फिरणारी चक्री) थांबताना तोंडातली लाळ, रक्ताचा अंश आत ओढला जाऊ शकतो, आणि पुसायचं फडकं तिथवर पोचत नाही. हे कळल्यावर प्रत्येक पेशंटनंतर हँडपीस तेल देऊन, पाउचमध्ये घालून ऑटोक्लेव्हला जायला लागले. बेअरिंग लवकर झिजतात, खर्च वाढतो. वाढू दे.

मावशी माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत. दुसऱ्याच वर्षी वापरलेल्या सुईला टोपण लावताना त्यांच्या बोटाला सुई टोचली. मी त्यांना हत्यारं धुवायला शिकवलं होतं, पण हिपॅटायटिस बीची लस दिली नव्हती. हा दोष संपूर्ण माझा. त्या पेशंटचं रक्त तपासून अहवाल येईपर्यंत मला धड झोप लागली नाही. अहवाल नीट आला. त्याच आठवड्यात मावशींना पहिला डोस दिला, मग एक महिन्यानं आणि सहा महिन्यांनी पुढचे. शेवटच्या डोसनंतर प्रतिपिंडांची पातळी मोजली, ती मिलीलीटरला 10 मिलि-युनिटच्या वर हवी. तेव्हापासून लस आणि ही तपासणी झाल्याशिवाय आमच्याकडे कुणीही वापरलेल्या हत्यारांना हात लावत नाही, आणि दोन हातांनी सुईला टोपण लावायचं नाही.

2010 साली पुण्यात एका कार्यशाळेत स्पोअर टेस्ट, म्हणजे बीजाणूंची चाचणी, बघितली. आम्ही तोवर पाउचवरच्या पट्टीवर विसंबून होतो. पट्टी काळी झाली म्हणजे हत्यारं निर्जंतुक, असा समज. खरं तर बाहेरच्या पट्टीवरून पाउचला उष्णता लागली एवढंच समजतं. आतले जंतू मेले का, हे बघायला जंतूच आत ठेवावे लागतात. उष्णतेला सगळ्यात चिवट अशा जिवाणूंचे बीजाणू एका कुपीत येतात. ती कुपी हत्यारांसोबत फेरीत ठेवायची, मग 55 ते 60 अंशांच्या उबेत सांभाळायची. आतला द्रव जांभळाच राहिला तर काम झालं. पिवळा झाला तर बीजाणू जिवंत आहेत. शेजारी फेरीत न घातलेली एक कुपी ठेवायची, ती पिवळी झालीच पाहिजे, नाहीतर चाचणीच खोटी.

दर शनिवारी चाचणी सुरू केली. सहाव्या शनिवारी दोन्ही कुप्या पिवळ्या झाल्या.

पट्ट्या सगळ्या काळ्या होत्या. काटाही बरोबर चढला होता. पाउच एकावर एक दाबून भरल्यामुळे मधे हवा अडकली होती, आणि हवा असते तिथं वाफ शिरत नाही. मी त्या दिवशी दवाखाना बंद ठेवला. मागच्या नीट आलेल्या चाचणीपासून ज्यांच्या दाढा काढल्या होत्या, हिरड्यांवर काम केलं होतं, त्यांची नावं मावशींनी वहीतून उतरवून काढली. यांचा विरोध होता. म्हणाले, "अगं, गावात बोंब होईल, कोण येईल परत?" मी प्रत्येकाला स्वतः फोन केला, रक्ततपासणी आमच्या खर्चानं करून दिली. ज्यांनी तपासण्या केल्या त्यांचे अहवाल नीट आले. काहीजण चिडले आणि पुन्हा कधी आले नाहीत, त्यांचा राग रास्तच होता. एक निवृत्त गुरुजी मात्र पुढच्या महिन्यात सगळं घर घेऊन आले.

दोन वर्षांनी क्लास बी ऑटोक्लेव्ह घेतला. तो आधी आतली हवा ओढून काढतो आणि मगच वाफ सोडतो, त्यामुळे पोकळ हँडपीसच्या आतपर्यंत वाफ पोचते. आमच्या बोअरच्या पाण्याला क्षार फार, म्हणून त्यात डिस्टिल्ड पाणीच घालतो. खुर्चीच्या नळ्यांचं पाणीही गच्चीवरच्या टाकीतून तोडलं. बारीक नळीत पाणी साचून राहिलं की आतून जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. आता खुर्चीला वेगळी बाटली आहे, दोन पेशंटच्या मधे अर्धा मिनिट पाणी सोडून देतो, आणि अधूनमधून नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं मिलीलीटरला 500 जिवाणू-वसाहती ही मर्यादा सांगितली आहे, आम्ही तीच धरतो.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे पिवळा, लाल, पांढरा, निळा असा कचरा वेगळा होतो आणि 48 तासांच्या आत गाडी तो नेते. एक्स-रे यंत्राची एईआरबीकडे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाकडे, नोंद आहे. रूट कॅनॉलला रबर डॅम (दात बाकी तोंडापासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) पूर्वीही लावत होते, कोविडनंतर त्याबाबत पेशंटची कुरकुर थांबली.

मिशरी लावणाऱ्या बायका आमच्याकडे पुष्कळ येतात. दुखणं दाढेचं असलं तरी प्रत्येकीची जीभ, गालाचा आतला भाग बघितल्याशिवाय खुर्चीवरून उठू देत नाही. पांढरा चट्टा दिसला, तोंड कमी उघडत असलं, तर त्याच दिवशी चिठ्ठी देते. कर्करोगाचं रुग्णालय गावातच आहे, तरी बाई एकटी जात नाही. मग मावशी सोबत जातात.

गेल्या महिन्यात नवी मुलगी कामाला लागली. पाउच काळे झालेले बघून तिनं ट्रे बाहेर काढला आणि शनिवारची कुपी ठेवायची राहिली. मावशी रागावल्या नाहीत. कपाटातून 2010 ची नोंदवही काढून त्यांनी लाल पेनानं भरलेलं ते पान तिच्यापुढे ठेवलं आणि प्रत्येक नाव वाचायला लावलं.