शीड आणि शीट

माझी पहिली होडी उलटली ती एका अक्षरामुळे, असे मी बरेच दिवस सांगत होते. डिसेंबरातली दुपार होती. मुंबई बंदरात, गेटवे ऑफ इंडियापासून थोड्या अंतरावर, दोन शिडांच्या शिकाऊ डिंगीत, म्हणजे लहान उघड्या होडीत, मी आणि माझा जोडीदार, म्हणजे माझ्या भाच्याच्या वयाचा अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, असे दोघे होतो. सुकाणू माझ्या हाती होते. वाऱ्याचा एक झोत आला, होडी एका अंगावर कलंडू लागली आणि मागून येणाऱ्या मोटरबोटीतून आमचे सर ओरडले, "शीट सोडा, शीट!" मला ऐकू आले ते "शीड". शीड सोडायचे म्हणजे नेमके काय करायचे हे मला कोणी शिकवलेले नव्हते, म्हणून मी हातातली दोरी अधिकच घट्ट आवळून वर शिडाकडे पाहिले आणि दुसऱ्याच क्षणी आम्ही दोघेही बंदराच्या गढूळ पाण्यात होतो.

शीट म्हणजे शीड नव्हे. शीड आत ओढून धरणारी किंवा सैल सोडणारी जी दोरी चालवणाऱ्याच्या हातात असते, तिला शीट म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या शिडाच्या गलबतांवर तिला दामण म्हणत असत, आणि सरांनी "दामण सोडा" असे म्हटले असते तर मी पडले नसते, असा युक्तिवाद मी त्या संध्याकाळी घरी केला. तो खोटा होता. त्यानंतरच्या आठवड्यात शब्दाचा अर्थ नीट ठाऊक असूनही माझा हात झोत आल्यावर आवळलाच. लोकलच्या दांड्याला पंचवीस वर्षे लटकलेल्या हाताला तोल जाताच घट्ट धरायचे एवढेच माहीत असते. होडीत मात्र तोल जाऊ लागला की हातातले सोडायचे असते, कारण शीट सैल होताच शीड पताकेसारखे फडफडू लागते, त्यातला जोर निघून जातो आणि होडी आपोआप सरळ होते. नवशिक्याचा पहिला हंगाम माझ्या मते एवढ्या एकाच सवयीत जातो. बाकीच्या गोष्टी तिच्या आजूबाजूने शिकल्या जातात.

चव्वेचाळिसाव्या वर्षी हे शिकायला जाण्यामागे कोणतेही भव्य कारण नव्हते. कचेरी फोर्टात असल्यामुळे दर हिवाळ्यात अपोलो बंदरावरून पांढरी त्रिकोणी शिडे दिसत, आणि ती नौदलातल्या लोकांची किंवा श्रीमंतांची असतात असे मी गृहीत धरले होते. समज अगदीच निराधार नव्हता. इथला रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा आहे आणि या खेळावर सैन्यदलांचा ठसा आजही स्पष्ट दिसतो. पण १९८२ च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती याच मुंबईच्या पाण्यात झाल्या होत्या आणि त्यांत फायरबॉल या दोघांच्या होडीच्या प्रकारातले सुवर्णपदक फारोख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने जिंकले होते, हे मला अभ्यासक्रमाला नाव नोंदवल्यानंतर कळले. होडी विकत घेणे ही खर्चाची गोष्ट आहे, होडी चालवायला शिकणे तितकेसे नाही, आणि पहिली दोन-तीन वर्षे तरी नवशिक्याने स्वतःची होडी घेण्याचा विचारही करू नये.

पहिला अर्धा दिवस आम्हाला पाण्याजवळ जाऊच दिले नाही. सर आम्हाला धक्क्यावर उभे करून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते: वारा कुठून येतो आहे? आमच्यापैकी बहुतेकांनी नांगरलेल्या बोटींकडे बोट दाखवले, कारण त्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या होत्या. मुंबई बंदरात ही खूण फसवी असते. पाण्याला ओढ असली की नांगरलेली बोट वाऱ्याकडे नव्हे, तर येणाऱ्या प्रवाहाकडे तोंड करते. झेंडे अधिक विश्वासार्ह, पाण्यावरच्या बारीक लहरी त्याहून अधिक, आणि सर्वांत खात्रीचे म्हणजे आपले कान: चेहरा हळूहळू फिरवत दोन्ही कानांत सारखाच आवाज येऊ लागला की वारा नेमका नाकासमोर आहे असे समजावे. रस्त्यावरून जाताना हा प्रयोग करण्याची मला इतकी सवय लागली की कचेरीतल्या सहकाऱ्यांना माझी मान आखडली आहे असे वाटू लागले.

वारा सापडल्यावर दुसरी गोष्ट कळते, ती म्हणजे त्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. वाऱ्याच्या दिशेच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांपर्यंतचा पट्टा शिडाच्या होडीला बंद असतो आणि त्यात नाक घुसले की होडी जागच्या जागी फडफडत उभी राहते. मग वाऱ्याच्या दिशेला असलेल्या ठिकाणी पोहोचायचे कसे? घाट चढतात तसे. आधी वारा उजवीकडून घेऊन तिरके जायचे, मग नाक वाऱ्यातून पलीकडे वळवून वारा डावीकडून घ्यायचा, आणि अशी नागमोडी वळणे घेत वर चढायचे. या वळण्याला टॅकिंग म्हणतात. शीड वाऱ्याने ढकलले जाते ही आपली समजूत फक्त वारा पाठीमागून असताना खरी असते. वारा बाजूने असताना फुगलेले शीड विमानाच्या पंखासारखे काम करते आणि होडीला बरेचसे आडवे व थोडेसे पुढे ओढते. होडीच्या पोटाखाली पाण्यात उतरवलेली फळी ते आडवे घसरणे रोखते आणि उरलेला जोर होडीला पुढे काढतो. फणसाची ओली आठळी दोन बोटांत दाबली की ती सुटून पुढे जाते, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

वारा वाहील तशी पाठ फिरवावी असे आपण म्हणतो, परंतु होडीत वाऱ्याकडे पाठ करणे हेच नवशिक्याला जास्त महागात पडते. वारा मागून असताना सगळे शांत वाटते, कारण होडी वाऱ्याबरोबर धावत असते आणि अंगाला वारा लागेनासा होतो. अशा वेळी सुकाणू जरासे चुकले तरी वारा शिडाच्या मागच्या कडेला पकडतो आणि शिडाखालचा आडवा दांडा, ज्याला बूम म्हणतात, तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला डोक्याच्या उंचीवरून झपाट्याने जातो. पहिल्या महिन्यात आमच्या तुकडीतल्या तिघांच्या कपाळावर टेंगळे होती.

सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे वळते, हेही अंगवळणी पडायला वेळ लागतो. गाडी चालवणाऱ्यांना जास्त लागतो. याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. दहा-बारा वेळा चुकले की जमते.

उलटण्याची मात्र सगळ्यांना अकारण भीती वाटते. लहान डिंगी उलटणारच, असे धरूनच तिची रचना केलेली असते, आणि ती सरळ करणे हा अभ्यासक्रमातला रीतसर धडा असतो. डोके वर आले की आधी जोडीदार दिसतो का ते पाहायचे आणि काही झाले तरी होडीला सोडून पोहत निघायचे नाही, कारण पाण्यात एकट्या डोक्यापेक्षा उलटलेली होडी दुरून लवकर दिसते. नंतर शीट मोकळी आहे याची खात्री करून एकाने नाक वाऱ्याकडे धरायचे, दुसऱ्याने पोटाखालच्या फळीवर चढून काठ धरून मागे झुकायचे, आणि शीड पाण्याबाहेर निघाले की होडी उठते. माझ्या पहिल्या उलटण्यात या सगळ्याला आम्हाला पंधरा मिनिटे लागली, कारण शीट मी पाण्यातही सोडली नव्हती. जोडीदार अतिशय नम्रपणे म्हणाला, "मावशी, आता तरी सोडा." बंदराचे पाणी पाहता या सर्व काळात तोंड बंद ठेवावे, ही सूचना कोणत्याही पुस्तकात नसली तरी मी आवर्जून करते. लाइफ जॅकेट अंगात असतेच, तरीही पोहता येणे, निदान न घाबरता तरंगता येणे आवश्यक आहे.

मुंबईत शिडाचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असतो. हिवाळ्यातल्या दिवसात शाळेच्या भूगोलातले मतलई वारे आणि खारे वारे प्रत्यक्ष अनुभवता येतात. सकाळी जमिनीवरून येणारा हलका मतलई वारा असतो, जमीन तापू लागली की तो मरतो, मध्ये काही काळ पाणी आरशासारखे होते आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा भरू लागतो. बंदर शहराच्या पूर्वेला असल्यामुळे हा वारा कुलाब्याच्या इमारतींवरून उतरतो आणि किनाऱ्याजवळ तुटक, झोताझोताने येतो. माझा तो प्रसिद्ध झोत याच जातीचा होता. झोत येण्याआधी पाण्यावर गडद ठिपका सरकत येताना दिसतो, आणि आता मी शिडापेक्षा त्या ठिपक्यांकडे अधिक पाहते. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे १० नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा १४ नॉटचा झाला की शिडावरचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. नवशिक्याला ८ ते १० नॉट पुरेत. त्याहून फार जास्त असेल तर धक्क्यावर बसून इतरांचे पाहावे, त्यातही बरेच शिकता येते.

पण मला वाऱ्यापेक्षा पाण्याने अधिक शिकवले. जानेवारीत एकदा मतलई वारा मेला तेव्हा ओहोटी जोरात होती, आणि आमची होडी नाक उत्तरेकडे ठेवून शांतपणे दक्षिणेला, उघड्या समुद्राच्या दिशेने सरकत होती. मला ते कळलेही नाही, कारण आजूबाजूचे पाणीही आमच्याबरोबरच चालले होते. सरांनी नंतर शिकवले की काठावरच्या दोन खुणा, उदाहरणार्थ ताजचा घुमट आणि त्यामागची एखादी इमारत, एका रेषेत धराव्यात. त्या एकमेकींपासून सरकू लागल्या की आपण वाहत आहोत. त्या दिवशी मोटरबोटीने दोर लावून आम्हाला ओढत आणले.

हे घरी सांगितल्यावर माझ्या आईने, जिचे माहेर गुहागरजवळचे आहे, मला विचारले की निघताना तिथी पाहिली नव्हतीस का. तिच्या माहेरी सगळ्यांना पाठ असलेला हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि सुमारे सहा तासांनी ओहोटी. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. छापील वेळापत्रकाशी ताडून पाहिले तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून होडीवर जाताना वेळापत्रकच वापरावे, पण बेत ठरवायला आईचे गणित पुरते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो, आणि त्यातले निम्मे पाणी मधल्या दोन तासांत सरकते. नवशिक्याने अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडावेत, तेव्हा पाणी त्यामानाने सौम्य असते.

माझा भाचा दर भेटीत विचारतो की जगप्रदक्षिणेला कधी निघणार. नौदलातले अधिकारी दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या म्हादेई या ५६ फुटी नौकेवरून ऑगस्ट २००९ मध्ये याच मुंबईतून एकट्याने निघाले आणि मे २०१० मध्ये परतले, हे त्याने कुठेतरी वाचले आहे. मी त्याला सांगते की माझी सध्याची मोहीम एका नारिंगी बोयापर्यंत, म्हणजे पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या खुणेपर्यंत, जाऊन तिथे थांबण्याची आहे.

ही थट्टा नव्हे. शिडाच्या होडीला ब्रेक नसतो, आणि पाण्यातला बोया हाताने धरून होडी थांबवणे हा आमच्या अभ्यासक्रमातला सर्वांत अवघड धडा होता. माघातल्या पंचमीला मला पहिल्यांदा एकटीला सोडले. होडी एका माणसाची, पूर्वी लेझर आणि आता आयएलसीए या नावाने ओळखली जाणारी, ४.२३ मीटर लांबीची. तिला लहान-मोठी तीन शिडे लावता येतात आणि मला अर्थातच सर्वांत लहान, ४.७ चौरस मीटरचे दिले होते. पहिल्या खेपेला मी बोयाजवळ इतक्या वेगाने गेले की तो हाताला चाटून मागे गेला. दुसऱ्या खेपेला फारच आधी वेग सोडला आणि दोन हातांवर होडी थबकली. तिसऱ्या खेपेला बोयाच्या खाली, वाऱ्याच्या उलट बाजूला आले, नाक हळूहळू वाऱ्याकडे वळवले आणि शीट पूर्ण सोडून दिली. शीड फडफडले, होडी रेंगाळत पुढे गेली आणि बोया अलगद बाजूला येऊन लागला.

उतारावर होडी ओढून घ्यायला जे नाखवा असतात, ते हे सगळे पाहत होते. ट्रॉली लावता लावता त्यांनी कौतुकाचा एक शब्दही काढला नाही. "आज पावणेचारची भरती होती, पाणी थांबलेलं होतं, म्हणून जमलं," ते म्हणाले. "उद्या साडेचारची आहे, ताई. तासभर उशिरा या."