धरण फुटतं तो गेम: तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, तुमचं घर सांगलवाडीत. 2019 ला पाण्यात गेलेलं. मग धरण फुटतं तसला गेम तुम्ही कसा काय खेळता?"

क्लासमधली मुलं विचारतात, नात्यातल्या बायका विचारतात, पुण्याच्या मैत्रिणी फोनवर विचारतात. कुणाला खरंच काळजी वाटत असते. कुणाला वाटतं, मी मुद्दाम खपली काढत बसते. एका पालकांनी तर पुराचा विषयच सोडला आणि शिकवणाऱ्या बाईला हे शोभतं का, असं विचारलं. आजवर मी "चांगला गेम आहे हो" एवढं म्हणून विषय बदलत आले. त्यानं कुणाचं समाधान झालं नाही, माझंही नाही. म्हणून एकदा सगळं लिहिते. ज्यांना हा गेम स्वतः खेळायचाय त्यांनी इथंच थांबावं, कारण पुढं शेवटापर्यंतचं सगळं सांगणार आहे.

पुराबद्दल तुम्हाला मी काय सांगू? ऑगस्टमध्ये चार दिवस झड लागली की "आयर्विनला किती?", म्हणजे सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलंय, हे आपण जेवलात का विचारावं तसं विचारतो. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. गेमबद्दल मात्र सांगायला हवं, कारण विचारणाऱ्यांतल्या बहुतेकांनी तो पाहिलेलाच नाही.

'आउटर वाइल्ड्स' मे 2019 मध्ये आला. एक लहानशी सूर्यमाला, तुमचं एक लाकडी यान, आणि 22 मिनिटांनी सूर्याचा स्फोट. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. फक्त तुम्हाला मागचं आठवतं. यात कुणाला मारायचं नसतं, गुण मिळत नाहीत. जे कळलं तीच कमाई. सप्टेंबर 2021 मध्ये तो बनवणाऱ्या मोबियस डिजिटलनं त्याला एक एक्सपान्शन, म्हणजे वाढीव भाग जोडला, 'इकोज ऑफ द आय'. आमच्याकडं त्या जुलैत पुन्हा पाणी येऊन गेलेलं. भिंतींची ओल उतरली नव्हती.

एक्सपान्शनमध्ये सूर्यासमोर एक काळी चकती दिसते, आणि तिचा माग काढत गेलं की कुणी तरी लपवून ठेवलेलं एक प्रचंड जहाज सापडतं. आकार बांगडीसारखा. ते स्वतःभोवती फिरतं, म्हणून आतल्या बाजूला पाय टेकतात. अकरावीला वर्तुळाकार गती शिकवताना मी हेच जहाज फळ्यावर काढते, आणि मुलांना अपकेंद्री बल पहिल्यांदा पटतं. आत एक नदी आहे. पुढं बघावं तर ती वर चढत जाते, मान उंचावली तर डोक्यावर तिचाच दुसरा काठ, त्यावरची लाकडी घरं. तराफ्यावर बसायचं आणि वाहत जायचं. इतकी सुंदर नदी मी कुठल्याच गेममध्ये पाहिलेली नाही. आणि त्या नदीवर एक धरण आहे. सूर्याचा शेवट जवळ आला की जहाज आपली शिडं उघडतं, त्या हिसक्यानं धरणाला तडे जातात, आणि काही वेळानं ते फुटतं. दर फेरीला. चुकत नाही.

आता पहिली गोष्ट. "तुमच्यावर जे गुजरलं तेच परत बघता" असं तुम्ही म्हणता ना, ते तसं नाही. आपल्याकडचा पूर भिंतीसारखा अंगावर येत नाही. कोयना फुटली नव्हती. पाणलोटात पाऊस, वरून विसर्ग, खालचा फुगवटा, कुणाचा वाटा किती यावर अजून माणसं हमरीतुमरीवर येतात. पाणी इंचाइंचानं चढतं. माणसाला वाटत राहतं, आता थांबेल. 2005 च्या पाण्याची खूण आमच्या भिंतीवर होती. सगळ्यांनी सामान त्या खुणेच्या वर ठेवलं आणि निश्चिंत झाले. 2019 ला आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, खूण खाली कुठं तरी राहिली.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. मी तिथं नव्हते. मी पुण्यात नोकरीला होते, रस्ते बंद होते, आणि माझा पूर म्हणजे फोनवर येणारे आकडे. आधी आईच्या फोनवरून, तो बंद पडल्यावर कुणाच्याही फोनवरून. मी पोचले तेव्हा पाणी उतरलेलं होतं. मी पाहिला तो गाळ, तो वास, फुगून उघडेनासं झालेलं कपाट. पाणी मी पाहिलंच नाही. माझ्या घरात पाणी शिरताना कसं दिसलं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. सहानुभूतीनं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी पूर सोसलेली वाटते, आणि ते दुरुस्त करायला माझी जीभ रेटत नाही.

तर त्या 2021 च्या हिवाळ्यातली संध्याकाळ. कॉम्प्युटर पुढच्या खोलीत असतो, कारण दुसरीकडं जागा नाही. आई शेंगा फोडत बसलेली. माझा गेम तिच्या लेखी टीव्हीवरच्या बातम्यांसारखाच, असतो तिथं चालू. जहाज हादरलं तसं तिनं वर पाहिलं.

"काय झालं?"

"धरणाला तडा गेलाय."

"कुठल्या?"

मी सांगितलं, खरं नाही गं, गेममधलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि खुर्ची ओढली. मला वाटलं ती बंद कर म्हणेल. मी बंद करणारच होते. पण तोवर पाणी आलं. घरं उखडली, झाडं आडवी झाली, मी तराफ्यासकट वाहत गेले. आईनं एकच विचारलं, "माणसं कुठं हाईत?"

माणसं नाहीत, ती फार पूर्वी मेली, मी म्हणाले.

"मग घरं कुणाची?"

त्यांचीच.

ती गप्प बसली. 22 मिनिटं संपली, सूर्य गेला, फेरी पुन्हा सुरू झाली. मी थांबले होते. ती म्हणाली, "परत लाव. ह्या वेळी खाली राहू नको. वर धरणापाशी जाऊन थांब."

गेलो. जेटपॅकनं धरणाजवळ उंचावर चढून मी तोंड त्याच्याकडं करून उभी राहिले आणि आम्ही दोघींनी वाट पाहिली. त्या गेममध्ये मी कधीच कशाची अशी वाट पाहिलेली नव्हती. माझी सगळी धडपड धरण फुटायच्या आत काही तरी शोधायची असायची. हादरा बसला. पहिली भेग, दुसरी भेग, बाजूनं झिरपणारं पाणी. मग ते फुटलं. मग पाणी खाली त्या घरांकडं जाताना वरून दिसलं, सबंध, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. आई स्क्रीनकडं बघत बोलायला लागली. माझ्याकडं बघून ती कधीच बोलली नसती.

ती म्हणाली, मी रस्त्याकडं बघत बसले होते. पाणी रस्त्यानं येईल असं सगळ्यांना वाटलं. ते न्हाणीतनं आलं. मोरीतनं. मी वळले तर पायाखाली. म्हशींची दावी ह्यांनी आधीच सोडली होती, पोरं त्यांना उंचावर हाकत होती. दोन गेल्या. थोरली माघारी आली. पाण्यातनं चालत आली आणि गोठ्यात आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. अण्णांनी ओढली, मी ओढली, बोटवाली पोरं हाका मारत होती. हलली न्हाय.

ती म्हैस गेली हे मला माहीत होतं. वाहून गेली असं मला सांगितलेलं होतं. पंचनाम्यातही तसंच आहे.

यानंतर आई अधूनमधून माझ्या बाजूला बसायला लागली, आणि ते शक्य झालं ते या एक्सपान्शनच्या घडणीमुळं. मूळ गेममध्ये सगळा इतिहास मजकुरात आहे, इंग्रजी वाचत बसावं लागतं. इथं त्या जहाजावरच्या लोकांची लिपी तुम्हाला शेवटपर्यंत वाचता येत नाही. सगळं कळतं ते त्यांनी मागं ठेवलेल्या चित्रांच्या चकत्यांवरून. प्रोजेक्टरवर लावायच्या आणि एकेक चित्र सरकवायचं. काही चकत्या त्यांनी स्वतःच जाळलेल्या. आईला चित्रं माझ्याइतकीच वाचता येत होती. काही वेळा माझ्या आधी.

त्या लोकांची हकीकत अशी. घुबडासारखे डोळे, हरणासारखी शिंगं. त्यांना अवकाशातून एक संकेत ऐकू आला. त्याच्या ओढीनं त्यांनी आपल्या जन्मभूमीवरची जंगलं तोडून हे जहाज बांधलं आणि निघाले. पोचल्यावर त्यांना दिसलं की त्या संकेताच्या मुळाशी सगळ्याचा शेवट आहे. ते घाबरले, त्यांनी तो संकेत कुणालाच ऐकू येऊ नये म्हणून कोंडून टाकला. मागं फिरून जायला घर उरलेलं नव्हतं. मग त्यांनी त्या हरवलेल्या घराचं एक कृत्रिम जग तयार केलं आणि हिरव्या जाळाभोवती हातात कंदील घेऊन झोपी गेले. देह तिथंच वाळून गेले. मनं अजून त्या रात्रीत आहेत.

तुम्ही ज्या भीतीबद्दल विचारता ती या रात्रीत आहे, पुरात नाही. अंधारात कंदील झाकून चालायचं, आणि ते लोक तुम्हाला गाठून कंदील फुंकून विझवतात. भीती कमी करायची सोय सेटिंगमध्ये दिलेली आहे, मी ती वापरली. ती वापरली तर खरा गेम खेळलाच नाही असं म्हणणारे मला भेटलेत. ज्यांनी गेम बनवला त्यांनीच ती ठेवली आहे, आणि हा अंधार कुणाच्या सहनशक्तीची परीक्षा घ्यायला केलेला नाही. तो त्या लोकांनी स्वतःभोवती घेतलेला आहे. तो समजला की पुरे.

पहिल्यांदा खेळून संपवला तेव्हा मी मैत्रिणींना लिहिलं होतं: ही भेकड माणसं आहेत. सत्य दिसलं तर कोंडलं, आणि खोट्या घरात जाऊन निजली. ते मत मी फार ठासून मांडलं होतं. नंतर आईनं म्हशीचं सांगितलं, आणि मला ते वाक्य वाचवेना. खाली धरण फुटतंय, घरं वाहून चाललीत, आणि हे आपल्या जागेवर बसलेत, कंदील धरून. आईला ते भेकड वाटलेच नाहीत. "दुसरं काय ठावं होतं त्यांना?" एवढंच ती म्हणाली.

पण मग मला आजोबा आठवतात, आईचे वडील. कोयना धरणग्रस्त. गाव कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलं आणि त्यांना इकडं सांगली जिल्ह्यात जमीन मिळाली. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की जुन्या वस्त्यांच्या खुणा उघड्या पडतात, भावकीतली माणसं बघायला जायची. आजोबा एकदाही गेले नाहीत. त्यांनी नव्या जागी विहीर काढली, ऊस लावला, गावाचं नाव काढलं तर उठून जायचे. आम्ही त्यांना कठोर म्हणायचो. घर सोडून पुढं चालत राहणं मला जमणारं धाडस वाटतं, आणि आई त्याच माणसाची मुलगी असून म्हशीची बाजू घेते. 2021 मधल्या मला मी पूर्ण खोडून काढू शकत नाही. त्या लोकांनी नुसतं स्वतःला कोंडलं नाही, बाकी सगळ्या विश्वाला तो संकेत ऐकू येऊ दिला नाही. थोरलीनं कुणाचं काही अडवलं नव्हतं.

आणि त्यांच्यातल्याच एकानं थोडा वेळ तो संकेत मोकळा सोडला. त्याला त्यांनी तळघरात कुलपाआड टाकलं. गेमच्या शेवटी तुम्ही ती कुलपं उघडता, आणि बोलायला भाषा नसल्यामुळं एकमेकांना आठवणी दाखवता: त्यानं सोडलेला तो क्षणभराचा संकेत कुणी तरी ऐकला, ते आले, त्यांच्यामुळं पुढं तुम्ही इथवर पोचलात. तो हंबरडा फोडतो. मग बाहेर पडतो. तुम्ही मागोमाग जाता तर काठावर त्याच्या पावलांचे ठसे आहेत आणि ते पाण्यात जातात.

आईनं विचारलं, "पाण्यात गेला?"

तसं दाखवलंय, मी म्हणाले.

"मग सुटला म्हणू नको."

मी म्हणते सुटला. इतका काळ कोंडलेल्याला आपण केलेलं वाया गेलं नाही एवढं कळलं, दार उघडलं, आणि कुठं जायचं ते त्यानं स्वतः ठरवलं. आई म्हणते, ज्यानं पाणी बघितलंय तो असं बोलणार नाही. यावर माझ्याकडं उत्तर नाही, आणि तरीही मी माझं म्हणणं सोडत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी आमचा हा वाद निघतो, ती मला तो शेवट पुन्हा लावायला सांगते, आणि मी लावते.